‘मत’ या शब्दाचे दोन अर्थ आणि अमेरिकी डिबेटच्या बातम्या: मराठी वृत्तकक्षांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्या, वृत्तपत्रे आणि न्यूज पोर्टल यांच्या आंतरराष्ट्रीय डेस्कवरील संपादक, उपसंपादक आणि अँकर यांना,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री नऊ वाजता अध्यक्षीय वादचर्चा सुरू होते, तेव्हा आपल्याकडे पुढच्या तारखेचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. नव्वद मिनिटांची चर्चा आठच्या सुमारास आटोपते. सकाळचं मुख्य बातमीपत्र तोंडावर आलेलं असतं, रात्रपाळीची माणसं निघायच्या बेतात असतात आणि दिवसपाळीची नुकतीच येऊन बसलेली असतात. अशा घाईत सीएनएनच्या तात्काळ चाचणीचा आकडा येतो आणि त्याचाच मथळा होतो: अमुक यांची बाजी, ६३ टक्के मते. हे पत्र त्या मथळ्याबद्दल आहे.

अडचण ‘मते’ या शब्दापासूनच सुरू होते. इंग्रजीत अभिप्रायाला एक शब्द आहे आणि मतपेटीत पडणाऱ्या मताला दुसरा. मराठीत दोन्हीला ‘मत’च म्हणतात. ‘माझं मत असं आहे’ हेही मत आणि ‘माझं मत त्यांनाच’ हेही मत. त्यामुळे ‘६३ टक्के मते हॅरिस यांना’ असं पट्टीवर वाचणारा माणूस सरळ अर्थ घेतो की शंभरातले त्रेसष्ट मतदार हॅरिस यांना मत देणार आहेत. चाचणीत विचारलेलं असतं एवढंच, की आज रात्री दोघांपैकी कोण सरस बोललं. त्या बोलण्यामुळे तुमचं मतदान बदललं का, हा प्रश्न वेगळा असतो, त्याचं उत्तर वेगळं असतं आणि बहुतेक वेळा ते त्याच चाचणीत, दोन प्रश्न खाली, छापलेलं असतं. ते आपल्याकडे सहसा येतच नाही.

१० सप्टेंबर २०२४ ची फिलाडेल्फियातली ट्रम्प-हॅरिस चर्चाच घ्या. आपल्याकडे ती ११ तारखेच्या सकाळी दिसली. सीएनएनसाठी एसएसआरएस या संस्थेने केलेल्या चाचणीत ६३ टक्क्यांनी हॅरिस सरस ठरल्याचं सांगितलं, ३७ टक्क्यांनी ट्रम्प. नमुना होता ६०५ नोंदणीकृत मतदारांचा, आणि सगळे चर्चा पाहिलेले. ही माणसं त्या रात्री फोन फिरवून शोधलेली नसतात. आधीच्या चाचण्यांमध्ये भाग घेतलेल्यांपैकी ‘मी चर्चा पाहणार आहे आणि नंतर उत्तरं देईन’ असं कबूल केलेल्यांची यादी तयार ठेवतात आणि चर्चा संपली की त्यांना मेसेज जातो. म्हणूनच आकडा इतक्या लवकर येतो. त्याची त्रुटीमर्यादा, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती वरखाली असू शकतो ती मर्यादा, सुमारे ५.३ टक्के होती. आता त्याच चाचणीतला पुढचा भाग पाहा. ८२ टक्के म्हणाले, या चर्चेने माझ्या निवडीवर काहीही परिणाम झाला नाही. १४ टक्के म्हणाले, फेरविचार करावासा वाटला पण निर्णय बदलला नाही. निर्णय बदलला असं सांगणारे ४ टक्के. ६०५ चे ४ टक्के म्हणजे चोवीस माणसं. ही चोवीस माणसं सगळी एकाच बाजूने सरकली असंही नाही.

आठ आठवड्यांनी, ५ नोव्हेंबरला, ट्रम्प यांना ४९.८ टक्के आणि हॅरिस यांना ४८.३ टक्के मतं पडली. इलेक्टोरल कॉलेजमध्ये, म्हणजे राज्यवार मतांनी अध्यक्ष ठरवणाऱ्या यंत्रणेत, ३१२ विरुद्ध २२६. सप्टेंबरमधली चाचणी चुकली होती असं आम्ही म्हणत नाही. ती बरोबरच होती. तिने जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. आपण ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाखाली छापलं.

हे एकदाच घडलं असंही नाही. २००४ च्या पहिल्या चर्चेत गॅलप या मतचाचणी संस्थेच्या तात्काळ चाचणीत जॉन केरी ५३ विरुद्ध ३७ ने पुढे होते; अध्यक्ष झाले बुश. २०१६ मध्ये तिन्ही चर्चांनंतर सीएनएनच्या चाचणीत हिलरी क्लिंटन सरस ठरल्या, पहिल्या वेळी तर ६२ विरुद्ध २७. त्यांना देशभरात मतंही जास्त पडली, ४८.२ विरुद्ध ४६.१ टक्के, तरी अध्यक्षपद गेलं. २०१२ च्या डेन्व्हरमधल्या पहिल्या चर्चेनंतर गॅलपने विचारलं तेव्हा ७२ टक्क्यांना मिट रॉम्नी सरस वाटले आणि फक्त २० टक्क्यांना ओबामा. इतका मोठा फरक गॅलपला त्याआधी कधी मिळाला नव्हता. निवडणूक ओबामांनी जवळजवळ चार टक्क्यांनी जिंकली.

डेन्व्हरपाशी थोडं थांबायला हवं, कारण डिबेट आणि मतचाचण्यांचं नातं समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. ३ ऑक्टोबर २०१२ ची ती चर्चा. सप्टेंबरमध्ये प्यू रिसर्च सेंटरच्या चाचणीत, मतदानाची शक्यता असलेल्या मतदारांमध्ये, ओबामा ५१-४३ ने पुढे होते. चर्चेनंतर लगेच, ४ ते ७ ऑक्टोबर या दिवसांत, प्यूने पुन्हा चाचणी घेतली तेव्हा रॉम्नी ४९-४५ ने पुढे. आठच्या आघाडीची चारची पिछाडी झाली, म्हणजे एका चर्चेत बारा टक्क्यांचा फेर. कोणत्याही डेस्कवर ही पहिल्या पानाची बातमी होईल, आणि ती अमेरिकेतही झाली.

पण त्याच काळात अँड्र्यू गेल्मन, शरद गोयल, डग रिव्हर्स आणि डेव्हिड रॉथ्सचाइल्ड हे संशोधक एक्सबॉक्स या गेमिंग यंत्रावरून रोज मतदारांना प्रश्न विचारत होते. ४५ दिवसांत सुमारे ३ लाख ४५ हजार लोकांनी उत्तरं दिली, आणि अनेकांनी एकापेक्षा जास्त वेळा. त्यामुळे तीच माणसं आधी काय म्हणत होती आणि नंतर काय म्हणाली, हे ताडून पाहता आलं. त्यांना दिसलं की डेन्व्हरनंतरचा बहुतेक फेर हा मतं बदलल्यामुळे आलेलाच नव्हता. उत्तर द्यायला तयार होणारी माणसं बदलली होती. आपला उमेदवार अडखळला की त्याचे समर्थक हिरमुसतात, सर्वेक्षणाचा फोन किंवा मेसेज आला की टाळतात. समोरच्या बाजूचे उत्साहात असतात, ते आवर्जून उत्तर देतात.

हे आकड्यांत मांडून पाहिलं की डोळ्यांपुढे येतं. समजा एका राज्यात १ लाख फोन लावले. ५० हजार ‘अ’च्या समर्थकांना, ५० हजार ‘ब’च्या. फोनवर उत्तर देणारे आता फार थोडे उरलेत. प्यूच्या टेलिफोन चाचण्यांत १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर देत, २०१८ पर्यंत ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. आपण २ टक्के धरू. म्हणजे दोन्हीकडचे एक-एक हजार जण बोलले, बरोबरी. आता चर्चा झाली आणि ‘ब’ची दाणादाण उडाली. ‘ब’च्या समर्थकांचं उत्तर देण्याचं प्रमाण २ वरून १.८ टक्क्यांवर घसरलं आणि ‘अ’चं २.१ वर गेलं. आता बोलणारे झाले १,०५० आणि ९००, एकूण १,९५०. ‘अ’ला ५३.८ टक्के, ‘ब’ला ४६.२. साडेसात टक्क्यांहून जास्त आघाडी, आणि एक लाखातल्या एकाही माणसाने आपला उमेदवार बदललेला नाही. फोन घेणाऱ्यांच्या प्रमाणात हजारी एक-दोनचा बदल झाला, एवढंच.

चांगल्या संस्था यावर उपाय करतात. गेल्या निवडणुकीत तुम्ही कोणाला मत दिलं होतं, पक्ष कोणता, हे विचारून नमुन्याला वजन देतात (कमी आलेल्या गटाची उत्तरं जास्त मोजतात), किंवा ठरलेल्या पॅनेलमधल्या त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारतात. अशा चाचण्यांमध्ये डिबेटनंतरच्या उड्या लहान दिसतात. म्हणून डेस्कवर आलेल्या चाचणीच्या माहितीत ‘मागील मतदानानुसार वजन दिले’ असं काही लिहिलंय का, हे पाहायला दोन मिनिटं द्यावीत. एका चाचणीत मोठी उडी आणि दुसरीत काहीच नाही, असं दिसलं तर बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

त्रुटीमर्यादेचं गणितही आपल्याकडे अर्धवट सांगितलं जातं. हजार लोकांच्या चाचणीत ‘त्रुटीमर्यादा ३ टक्के’ असं लिहितात, ती एका उमेदवाराच्या आकड्याची असते. दोघांमधल्या फरकाची मर्यादा जवळपास दुप्पट असते, म्हणजे ६. आणि आधीच्या चाचणीतली आघाडी व नंतरच्या चाचणीतली आघाडी यांची वजाबाकी करून आपण ‘डिबेटनंतर अमुक टक्क्यांनी मुसंडी’ असं लिहितो, तेव्हा दोन्ही चाचण्यांची चूक एकत्र येते आणि मर्यादा साडेआठच्या घरात जाते. वजन देण्यामुळे ती आणखी वाढते. म्हणजे एकाच संस्थेच्या दोन चाचण्यांत आघाडी तीन-चार टक्क्यांनी हलली तर त्यावरून काही घडलं असं म्हणताच येत नाही. पाच-सहा चांगल्या संस्थांच्या चाचण्या एकाच दिशेने दोन-दोन टक्के हलल्या, तर ती बातमी.

या फूटपट्टीने २०२४ च्या चर्चेनंतरचे न्यूयॉर्क टाइम्स-सिएना चाचणीचे आकडे पाहा. फिलाडेल्फियाच्या आधी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ट्रम्प ४८-४७ ने पुढे. चर्चेनंतर ४७-४७. ‘कोण सरस’ या प्रश्नात सव्वीस टक्क्यांचा फरक पडला आणि ‘मत कोणाला’ या प्रश्नात एक टक्क्याचा. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी छापली असती, तर वाचकाला वेगळं स्पष्टीकरण द्यायची गरजही उरली नसती.

असं का होतं? चर्चा पाहायला बसणारा बहुतेक माणूस आपला पक्ष ठरवून बसलेला असतो. आपला माणूस कमी पडला हे तो मोकळेपणाने कबूल करेल, पण म्हणून मत दुसऱ्याला देणार नाही. क्रिकेटचा सामना हरल्यावर कोणी दुसऱ्या देशाचा पाठीराखा होत नाही, तसंच. ज्यांचं ठरलेलं नसतं ते राजकारणाकडे फारसं लक्षच देत नाहीत आणि चर्चाही कमी पाहतात. त्या रात्री नील्सनच्या मोजणीनुसार सुमारे ६ कोटी ७० लाख लोकांनी चर्चा पाहिली. नोव्हेंबरमध्ये मतं टाकली साडेपंधरा कोटींच्या आसपास लोकांनी. कॅरोलिन ल पेनेक आणि व्हॅन्सां पॉन्स या अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतल्या ६२ निवडणुका आणि ५६ टीव्ही चर्चा तपासल्या. प्रचाराच्या शेवटच्या दोन महिन्यांत बरेच मतदार मन बनवतात असं त्यांना दिसलं, पण ते मन चर्चांमुळे बनतं याचा पुरावा मिळाला नाही.

मग डिबेटने काहीच होत नाही का? होतं, आणि ते कधी होतं हे सांगणं हेच डेस्कचं खरं काम आहे. उमेदवार लोकांना पुरता माहीत नसेल तेव्हा फरक पडतो. १९९२ मध्ये अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांच्या पाठिंब्यात चर्चांच्या काळात वाढ झाली आणि त्यांना शेवटी १८.९ टक्के मतं पडली. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत प्रायमरीच्या चर्चांमध्ये तर आकडे खूप हलतात, कारण सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतात आणि पक्षनिष्ठेचा खुंटाच नसतो. आणि लोकांच्या मनात आधीपासून असलेली शंका पडद्यावर खरी ठरली, तर चर्चा जड जाते.

२७ जून २०२४ ची अटलांटातली बायडेन-ट्रम्प चर्चा या शेवटच्या प्रकारातली. स्टुडिओत प्रेक्षक नव्हते, एकाची वेळ असताना दुसऱ्याचा माइक बंद. सीएनएनच्या चाचणीत ६७-३३ ने ट्रम्प सरस. पण त्याच ५६५ मतदारांना आधी विचारलं होतं की कोण सरस ठरेल, तेव्हाही ५५ टक्के ट्रम्प म्हणाले होते. म्हणजे ६७ मधली नवी बातमी बारा टक्क्यांचीच. निर्णय बदलला असं म्हणणारे ५ टक्के, सुमारे अठ्ठावीस जण. टाइम्स-सिएनाच्या चर्चेनंतरच्या चाचणीत ट्रम्प ४९-४३ ने पुढे होते, आठवड्याभरापूर्वीच्या चाचणीपेक्षा तीन टक्क्यांनी जास्त. आकडा एवढाच हलला. तरी २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. या चर्चेचा घाव मतदारांवर कमी आणि पक्षावर जास्त बसला. खासदार, देणगीदार, जुने सहकारी यांच्यासाठी वयाचा प्रश्न आता झाकता येण्यासारखा उरला नव्हता, आणि जो उमेदवार आधीच बरोबरीत किंवा मागे आहे त्याला तीन टक्केही महाग पडतात. मतचाचण्यांची सरासरी पाहून ‘चर्चेचा परिणाम किरकोळ’ असं लिहिणाराही इथे चुकला असता. एका चर्चेचा परिणाम मोजायची मतचाचणी ही एकच जागा नाही.

याच्या जोडीला आणखी एक शब्द सांभाळायला हवा: ‘मुळे’. ‘डिबेटमुळे रेगन यांची मुसंडी’ असं लिहिणं फार सोपं आहे. २८ ऑक्टोबर १९८० ला क्लीव्हलँडमध्ये कार्टर आणि रेगन यांची एकमेव चर्चा झाली, मतदानाच्या बरोबर एक आठवडा आधी. चर्चेआधीच्या गॅलपमध्ये कार्टर थोडे पुढे होते; रेगन जवळजवळ दहा टक्क्यांनी जिंकले. पण मतदानाचा दिवस, ४ नोव्हेंबर, हा तेहरानमधल्या अमेरिकी ओलिसांच्या कैदेला बरोबर एक वर्ष पूर्ण होण्याचा दिवस होता आणि आदल्या दोन दिवसांत टीव्हीवर तोच विषय होता. किती टक्के चर्चेचे आणि किती ओलिसांचे, हे कोण वेगळं काढणार? २०१६ च्या दुसऱ्या चर्चेच्या दोन दिवस आधी ट्रम्प यांची महिलांबद्दल अश्लील बोलतानाची कुप्रसिद्ध ध्वनिचित्रफीत बाहेर आली. २०२० ची क्लीव्हलँडची गोंधळाची चर्चा २९ सप्टेंबरला झाली आणि तीन दिवसांत ट्रम्प यांना करोना झाल्याची बातमी आली. २०२४ मध्ये जूनची चर्चा आणि बायडेन यांची माघार यांच्या मध्ये, १३ जुलैला, पेन्सिल्व्हेनियातल्या बटलरमध्ये ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला. त्यामुळे ‘डिबेटनंतर’ लिहा. ‘डिबेटमुळे’ लिहायला फार पुरावा लागतो.

केनेडी-निक्सन यांच्याबद्दलही एक विनंती. दर चार वर्षांनी आपल्या पुरवण्यांत तीच कथा येते: २६ सप्टेंबर १९६० ला शिकागोच्या स्टुडिओत झालेली चर्चा ज्यांनी रेडिओवर ऐकली त्यांना निक्सन जिंकले असं वाटलं, ज्यांनी टीव्हीवर पाहिली त्यांना केनेडी, आणि त्यावरच निवडणूक फिरली. निक्सन गुडघ्याच्या संसर्गाने ऑगस्टमध्ये रुग्णालयात होते, वजन उतरलेलं होतं, हे खरंच आहे. पण रेडिओच्या दाव्यामागे सिंडलिंगर या संस्थेची एकच चाचणी आहे. दोन हजारांवर नमुन्यात रेडिओवर ऐकणारे होते २८२. आणि १९६० मध्ये, घरोघरी टीव्ही आलेला असताना, रेडिओ ऐकणारे कोण होते? ग्रामीण भागातले आणि प्रोटेस्टंट श्रोते त्यांत जास्त असण्याचा संभव होता, आणि तो वर्ग कॅथलिक केनेडींकडे आधीपासूनच कमी झुकलेला होता. वँसिल आणि पेंडेल या अभ्यासकांनी १९८७ मध्ये हे सगळं उकलून दाखवलं. ऐकणाऱ्यांवर आणि पाहणाऱ्यांवर वेगळा परिणाम होऊ शकतो. जेम्स ड्रकमन यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तसं दिसलंही. पण १९६० च्या निवडणुकीबद्दलचा तो दावा उभा राहत नाही. गॅलपच्या चाचणीत पहिल्या चर्चेआधी निक्सन ४७, केनेडी ४६ होते. नंतर केनेडी ४९, निक्सन ४६. आघाडीत चार टक्क्यांचा बदल, आणि वर सांगितलेल्या फूटपट्टीने पाहिलं तर तोही त्रुटीच्या आतला. केनेडी देशभरात सव्वा लाखाहूनही कमी मतांनी जिंकले, त्यामुळे कोणत्याही एका कारणाला श्रेय देता येतं, ही या कथेची खरी सोय आहे.

आता तुमच्या-आमच्या कामाचा भाग. चर्चेनंतरचं वार्तांकन हा त्या परिणामाचाच एक हिस्सा असतो. ६ ऑक्टोबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोत, कार्टर यांच्याबरोबरच्या चर्चेत, अध्यक्ष फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. त्याच रात्री ज्यांना विचारलं त्यांच्यात फोर्ड सरस वाटणारे जास्त होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं आणि टीव्हीने ते एक वाक्य लावून धरलं आणि संध्याकाळपर्यंत विचारलेल्यांनी कार्टर यांना मोठ्या फरकाने विजयी ठरवलं. चर्चा तीच होती. २००० मध्ये पहिल्या चर्चेनंतरच्या गॅलपमध्ये अल गोर ४८-४१ ने सरस होते. पुढे काही दिवस बुश बोलत असताना त्यांनी टाकलेले उसासे टीव्हीवर जोडून दाखवले गेले. तिन्ही चर्चांच्या आधी गॅलपमध्ये गोर आठ टक्क्यांनी पुढे होते, तिन्ही संपल्यावर चार टक्क्यांनी मागे. (तरी देशभरातली मतं शेवटी त्यांनाच जास्त पडली, गॅलपचे त्या वर्षीचे रोजचे आकडे फार उड्या मारत होते, हेही लक्षात ठेवावं.) न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्साससारख्या राज्यांत अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली मराठी कुटुंबं आहेत. ती मतदान करतात आणि मोबाइलवर तुमच्याच क्लिप पाहतात. त्यांच्यासाठी तुमचा मथळा म्हणजे परदेशातली बातमी नाही.

म्हणून काही अगदी व्यवहारातल्या गोष्टी. सकाळी साडेआठला तात्काळ चाचणी आली तर ती जरूर द्या, पण आकड्याआधी ‘चर्चा पाहिलेल्यांपैकी’ हे शब्द हवेत आणि ‘मते’ऐवजी ‘यांच्या मते हे सरस’ अशी रचना हवी. पडद्यावरच्या त्याच प्लेटवर नमुन्याचा आकडा आणि ‘निर्णय बदलला’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी द्या. चर्चेपूर्वी त्यांनी काय अपेक्षा सांगितली होती हे उपलब्ध असेल तर तेही. वेबसाइटवर कुणीही क्लिक करावं अशा ‘पोल’चे आकडे घेऊ नका, २०१६ च्या पहिल्या चर्चेनंतर अशा क्लिक-पोलमध्ये ट्रम्प पुढे होते आणि त्यांनी ते मिरवलेही, पण त्यात कोण किती वेळा क्लिक करतं यावर कसलाच ताबा नसतो. स्वतःच्या पानावर प्रेक्षकांचा कौल घेत असाल तर तो मतचाचणी म्हणून दाखवू नका.

पुढचे चार-पाच दिवस सगळ्यात फसवे. या दिवसांत प्रसिद्ध होणाऱ्या बऱ्याच चाचण्यांचं काम चर्चेच्या आधी झालेलं असतं. प्रसिद्धीची तारीख नव्हे, मुलाखतींच्या तारखा पाहा; एक मुलाखत जरी चर्चेआधीची असेल तर ती चाचणी ‘डिबेटनंतरची’ नाही. तुलना करायची तर त्याच संस्थेच्या आधीच्या चाचणीशी करा, आणि त्यातही दोन्ही वेळा ‘नोंदणीकृत मतदार’ किंवा दोन्ही वेळा ‘मतदानाची शक्यता असलेले मतदार’ असेच आकडे घ्या. एकात दोनच उमेदवारांची नावं विचारली आणि दुसऱ्यात तिसऱ्या पक्षाचीही, तर तुलनाच करू नका. हे न पाळल्यामुळे डिबेटचा ‘परिणाम’ जिथे नाही तिथेही दिसू लागतो. साधारण दहा दिवसांनी, चार-पाच संस्थांच्या आधी-नंतरच्या जोड्या मिळाल्यावर, एक सविस्तर बातमी करा. ती बातमी तेव्हाही नवीनच असते, कारण बहुतेक ठिकाणी तोवर ती कुणी केलेलीच नसते.

देशपातळीवरच्या आकड्याशेजारी पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा निर्णायक राज्यांचे आकडेही ठेवा. जिंकायला लागणारी २७० इलेक्टोरल मतं राज्यांतून मिळतात. पण एका राज्याच्या एका चाचणीवर मथळा नको. फिलाडेल्फियाच्या चर्चेनंतर टाइम्स-सिएनाने पेन्सिल्व्हेनियात हॅरिस ५०-४६ ने पुढे दाखवल्या होत्या. ते राज्य, आणि त्याची १९ इलेक्टोरल मतं, ट्रम्प यांच्याकडे गेली.

चर्चेच्या मंचावर कोण उभं राहणार हेही मतचाचण्याच ठरवतात, याकडे आपल्याकडे दुर्लक्ष होतं. १९८७ मध्ये स्थापन झालेला, अध्यक्षीय चर्चा भरवणारा आयोग २००० पासून पाच राष्ट्रीय चाचण्यांत सरासरी १५ टक्के पाठिंब्याची अट लावत असे. २०२४ मध्ये दोन्ही प्रचारयंत्रणांनी आयोगाला बाजूला ठेवलं, पण सीएनएननेही जूनमध्ये चार चाचण्यांत १५ टक्क्यांची अट ठेवली आणि अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनिअर बाहेर राहिले. डिबेट आणि चाचण्यांचं नातं दोन्ही दिशांनी आहे, हे एका चौकटीत सांगता येईल.

पुढचं मतदान ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. पक्षांतर्गत चर्चा त्याच्या कितीतरी आधी सुरू होतील, आणि त्या पुन्हा आपल्या सकाळच्या बातमीपत्राच्या वेळेलाच पडतील. तोपर्यंत ग्राफिक्सच्या टीमकडून एक प्लेट करून घ्यावी आणि ती रनडाऊनमध्ये तयार ठेवावी. पहिली ओळ: ‘चर्चा पाहिलेल्या ___ मतदारांपैकी ___ टक्क्यांना ___ सरस वाटले’. दुसरी ओळ: ‘यामुळे निर्णय बदलला: ___ टक्के’. तिसरी ओळ: ‘मतदान कोणाला करणार, याच्या चाचण्या येत्या आठवड्याभरात’. रिकाम्या जागा भरायला सकाळी आठनंतर एका माणसाला तीन मिनिटं पुरतात.

आपले,
अमेरिकी मतचाचण्यांचे आकडे नियमित वाचणारे काही मराठी अभ्यासक